धुक्याचं सोडा ताई, बॅगेचं धरा : विमानात अडकलेल्या इन्सुलिनची भरपाई

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा नऊ वर्षांचा, टाइप वन डायबेटिस. दिल्लीला नात्यातलं लग्न आटपून ११ जानेवारीला रात्री साडेनऊच्या विमानाने दोघं पुण्याला निघाले. गेटवर स्टाफने वरचे रॅक भरलेत म्हणून त्यांची केबिन बॅग टॅग लावून खाली टाकायला घेतली. ताईंनी सांगितलं की आत कूलिंग पाउचमध्ये इन्सुलिन आहे, प्रिस्क्रिप्शनही दाखवलं, उत्तर मिळालं, ‘मॅडम, पुण्यात लगेच मिळेल.’ मग धुकं, विमानात बसून अडीच तास, खाली उतरवलं, रात्री अडीचला फ्लाइट रद्द. बॅग परत मागितली तर ‘ती आता विमानातच राहणार’. पर्समधलं चालू इन्सुलिन पेन पहाटे संपलं, भाऊ टॅक्सी करून रात्रभर उघड्या असलेल्या मेडिकलमधून नवीन घेऊन आला. स्वतः १२ तारखेला दुपारी पुण्यात पोचल्या, बॅग आली १४ ला. अकरा हजारांचा स्टॉक वापरायचा की फेकायचा हे कळत नाहीये. कंपनी म्हणते धुकं आमच्या हातात नाही, औषधं सामानात ठेवली तर आमची जबाबदारी नाही असं तिकिटाच्या अटींत लिहिलंय, आणि काही तक्रार असेल तर कोर्ट फक्त दिल्लीचं. वर दोन हजारांचं व्हाउचर देऊ केलंय.

ताई, आधी मुलाचं. तो १४ तारखेला आलेला स्टॉक डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात टोचू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की ते बाद, मग परत नीट पातळ झालं तरी बाद, आणि बघून ते कळतंच असं नाही. जानेवारीतली दिल्लीची रात्र, ती बॅग विमानाच्या पोटात होती का बाहेर ट्रॉलीवर होती का हीटर लावलेल्या खोलीत होती हे आपल्याला माहीत नाही. पण फेकूही नका! ही पेनं तुमचा पुरावा आहेत. बॅच नंबर दिसेल असे फोटो काढा, सगळं एका पिशवीत बंद करून तारीख टाका आणि फ्रिजमध्ये एका बाजूला ठेवून द्या, वर मोठ्या अक्षरात ‘वापरायचं नाही’ लिहा म्हणजे घरात कोणाची चूक होणार नाही. आणि मुलाच्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी घ्या की हा साठा दोन दिवसांहून जास्त काळ तापमानाची खात्री नसलेल्या जागी होता म्हणून तो वापरू नये असा सल्ला मी दिलाय. हा कागद फार महत्त्वाचा आहे, कारण कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की इन्सुलिन खराब झालं हे कशावरून.

आता केस. तुमच्या मेलमध्ये निम्मा राग फ्लाइट उशिरा आणि रद्द झाल्याचा आहे, तो मला समजतो, लेकराला घेऊन अख्खी रात्र काढलीत तुम्ही. पण तिथे भांडलात तर हराल. डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमावलीत रद्द फ्लाइटची भरपाई आहे, उड्डाणाच्या वेळेप्रमाणे पाच, साडेसात किंवा दहा हजारांपर्यंत, पण कारण हवामान असेल तर ती द्यावी लागत नाही. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर जवळपास असंच प्रकरण होतं, डिसेंबर २००५, दिल्लीहून हैदराबादला जाणारं विमान, धुकं, प्रवासी तासन् तास विमानात बसलेले. हैदराबादच्या स्थायी लोक अदालतीने भरपाई दिली होती, सुप्रीम कोर्टाने ती काढून टाकली, कारण धुक्यामुळे झालेला उशीर ही सेवेतली त्रुटी नाही.

पण त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलंय की उशीर कशानेही होवो, प्रवाशांना खाणंपिणं आणि किमान सोयी द्यायलाच हव्यात, स्वस्तातली विमानसेवा असली तरी. म्हणजे धुक्याने कंपनी भरपाईतून सुटते, काळजी घेण्यातून सुटत नाही. आणि तुमची बॅग काही धुक्याने अडवली नव्हती. फ्लाइट रद्द झाली, सगळे टर्मिनलमध्ये, विमान उभं, आई सांगतेय की आत मुलाचं इन्सुलिन आहे, आणि तरी बॅग काढून दिली नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी तुम्ही पोचलात आणि बॅग दोन दिवस पोचली नाही, त्याला तर धुकं हे कारणच होऊ शकत नाही. तेव्हा तक्रारीत धुक्यावर एक वाक्य लिहा आणि बाकी सगळं बॅगेवर.

यासाठी कायदा आहे कॅरेज बाय एअर अॅक्ट, १९७२, त्याची तिसरी अनुसूची. ती मूळची आंतरराष्ट्रीय प्रवासाची, पण २०१४ च्या अधिसूचनेने देशांतर्गत प्रवासालाही लागू आहे. तुम्ही हातात घेऊन चाललेली बॅग त्यांनी टॅग लावून ताब्यात घेतली की ती त्यांच्या ताब्यातलं सामान झाली, आणि ताब्यात असताना झालेल्या नुकसानीची किंवा उशिराची जबाबदारी त्यांची. उशिराच्या बाबतीत, शक्य ते सगळे उपाय केले होते हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर, तुमच्यावर नाही. आणि त्या ‘औषधांची जबाबदारी नाही’ वाल्या अटीने घाबरू नका. अनुसूचीतला नियम २६ सरळ म्हणतो की कंपनीची जबाबदारी काढून टाकणारी किंवा कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी करणारी कुठलीही अट रद्दबातल. कस्टमर केअरवाले ही अट रोज शेकडो लोकांना वाचून दाखवतात आणि लोक गप्प बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कंपनी एक मुद्दा नक्की काढेल, तो आत्ताच सांगून ठेवते. सामानाच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे नुकसान झालं तर जबाबदारी नाही असं त्याच कायद्यात आहे, म्हणजे ते म्हणणार की इन्सुलिन नाशवंतच असतं. उत्तर सोपं आहे, ते तुमच्या हातात कूलिंग पाउचमध्ये व्यवस्थित होतं आणि पुण्यात पोचून त्याच रात्री घरच्या फ्रिजमध्ये गेलं असतं, ते हातातून काढून घेतलं कंपनीने. कंपनीला पाठवायच्या नोटिशीत असं लिहा: ‘बॅगेत इन्सुलिन असल्याचं आपल्या कर्मचाऱ्यांना टॅग लावण्यापूर्वी सांगितलं होतं व प्रिस्क्रिप्शन दाखवलं होतं. फ्लाइट रद्द झाल्यावर बॅग परत मागितली असता नकार देण्यात आला. ११ जानेवारी रात्रीपासून १४ जानेवारीपर्यंत बॅग कुठे व कोणत्या स्थितीत होती याचा टॅग नंबरनुसार तपशील द्यावा.’ हा तपशील त्यांच्या सिस्टिममध्ये असतो, दिला नाही तर ग्राहक आयोगासमोर तेच त्यांच्या विरोधात जातं.

मुदतीचं नीट लक्षात घ्या कारण इथे भले भले अडकतात. सामान खराब झालं तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार हवी, नाहीतर दावा बसत नाही. फोनवर बोलणं, काउंटरवर भांडणं यात धरत नाहीत. तुमचे ७ दिवस २१ जानेवारीला संपले. पण तुम्ही १२ तारखेला दुपारी कंपनीला मेल केलाय, ‘बॅग मिळालेली नाही, त्यात मुलाचं इन्सुलिन आहे, ते खराब होईल’, हा मेल सोन्यासारखा जपा. तो बॅग मिळायच्या आधीचा आहे म्हणून कंपनी खुसपट काढेल, त्यामुळे आता उशीर आणि उशिरामुळे झालेलं नुकसान अशी सविस्तर तक्रार ४ फेब्रुवारीच्या आत मेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्हीने पाठवा. आजच पाठवा खरं तर. एअरसेवा या सरकारच्या विमानप्रवास तक्रार पोर्टलवरही टाका, तिथून ती कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे जाते आणि तक्रार नंबर मिळतो. व्हाउचर घेऊ नका, त्या लिंकवर क्लिक करून ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ला होकार गेला तर पुढे त्रास होतो.

पैशाचं खरं सांगते, मोठी आशा लावत नाही. देशांतर्गत प्रवासात सामानासाठी मर्यादा माणशी वीस हजार आहे. तुमचा स्टॉक अकरा हजारांचा, रात्रीचं पेन आणि टॅक्सी धरून ते त्यात बसतं. मुलाचंही तिकीट होतं, औषधही त्याचंच, म्हणून तक्रार तुमच्या नावाने आणि अल्पवयीन मुलातर्फे आई म्हणून अशी दोघांची करा. मानसिक त्रासाचेही मागा, कंपनी मर्यादा दाखवेल, तेव्हा नियम २२ मधला अपवाद मांडायचा की नुकसान होणार हे माहीत असूनही बेपर्वाईने वागलं तर मर्यादा लागू नाही. हा मुद्दा सिद्ध करणं अवघड असतं, पण तुम्ही दोनदा सांगितलं होतं, एकदा टॅग लावताना आणि एकदा रात्री अडीचला, म्हणून मांडण्यासारखा नक्की आहे. तुमचा भाऊ किंवा रांगेतलं ओळखीचं झालेलं कोणी सहप्रवासी प्रतिज्ञापत्र देईल का बघा.

दिल्लीला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यात, आणि गंमत नाही, वरच्या त्याच २०११ च्या निकालात ‘फक्त दिल्लीचं कोर्ट’ ही अट हैदराबादच्या लोक अदालतीला अडवू शकली नव्हती. तिकिटासाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लावायची सक्ती नाही, ऑनलाइन दाखल होते, मुदत दोन वर्षं. आयोग सुरुवातीलाच मध्यस्थीला पाठवू शकतो, जा, बऱ्याचदा तिथेच मिटतं.

कागद गोळा करा: दोघांचे बोर्डिंग पास, टॅगची चिकटपट्टी (बॅगेच्या हँडलवर अजून असेल तर कापू नका, आधी फोटो काढा), फ्लाइट रद्दचा एसएमएस, पुण्यात बॅग मिळाली नाही म्हणून भरलेला रिपोर्ट, जुन्या स्टॉकचं आणि रात्रीचं अशी दोन्ही मेडिकलची बिलं, टॅक्सीची पावती, प्रिस्क्रिप्शन. मोबाईलमधल्या मेसेज आणि फोटोंच्या प्रिंट देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र सोबत जोडा, पूर्वी ते ६५ बी म्हणून ओळखलं जायचं.

आणि पुढच्या वेळी कोणी गेटवर बॅग मागितली तर बॅग द्या, पाउच नको. रांगेतच चेन उघडून पाउच आणि ग्लुकोमीटर बाहेर काढून पर्समध्ये टाका, मागच्यांची घाई होऊ दे.

तक्रारीचा मसुदा तयार झाला की पाठवा, मी बघून देते, फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीसाठी थांबू नका, ती नंतर जोडता येते.