वडिलांच्या कोलोनोस्कोपीत रेक्टममध्ये (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात) ७ मिमीची न्यूरोएंडोक्राइन गाठ (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) निघाली, मोठं ऑपरेशन करावं लागेल का?

एवढ्या साइजला बहुतेक वेळा पोटाला हात लावायची वेळच येत नाही, दुर्बिणीतूनच निघते. पण ही साध्या पॉलिपसारखी वरवर नसते हो, सबम्युकोसात म्हणजे आतल्या थरात रुतलेली असते, वरून नुसता पिवळसर गुळगुळीत फुगवटा दिसतो, त्यामुळे साधा तारेचा फास टाकून कापली की बुडखा आत राहू शकतो आणि रिपोर्टला मार्जिन पॉझिटिव्ह येतं, म्हणजे कापलेल्या कडेला गाठीच्या पेशी सापडतात, मग परत त्याच जागी काम, आणि तिथे व्रण धरलेला असतो त्यामुळे ते जास्त किचकट. म्हणून आधी एंडोस्कोपिक सोनोग्राफीत खोली बघतात, मग ईएमआर, म्हणजे बुडाशी रबर बँड लावून मग फासाने कापणं, नाहीतर ईएसडी, म्हणजे खालच्या थरापासून सोलून अख्खी काढणं.

१० ते २० मिमीचं मात्र डॉक्टरांतही एकमत नसतं, तिथे एमआरआय बघून ईएसडी किंवा टॅमिस, म्हणजे गुदद्वारातूनच उपकरणं घालून केलेली छोटी शस्त्रक्रिया. २० च्या वर असेल, स्नायूच्या थरात शिरली असेल किंवा आजूबाजूच्या लिम्फ ग्रंथींमध्ये पसरली असेल तर रेक्टमचा भाग काढायचं मोठं ऑपरेशन.

काढल्यावर पॅथॉलॉजी रिपोर्टला तीन गोष्टी बघा, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतायत त्याचा आकडा) ३ टक्क्यांच्या आत आहे का, कडा मोकळ्या आहेत का, रक्तवाहिन्यांत-लिम्फमध्ये शिरकाव नाही ना.