विहिरीवरच्या मॉसमधलं काटेरी कवच: आर्सेला नव्हे, सेंट्रोपिक्सिस

भाऊ, फोटो चांगले आलेत. गावच्या जुन्या विहिरीच्या कठड्यावरचा मॉस भिजवून पिळलात, त्यात हे गोल, तपकिरी, पाच काट्यांचं कवच सापडलं आणि काटे पाहून तुम्ही आर्सेला डेंटाटा म्हणालात. दोन्ही कवचात राहणाऱ्या एकपेशीय अमिबाच, पण मला ही सेंट्रोपिक्सिस अ‍ॅक्युलिआटा वाटते.

आधी तोंड, म्हणजे कवचाचं भोक, बघायचं, काटे नंतर. आर्सेलाचं तोंड बरोबर मधोमध असतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत ते स्पष्टपणे एका कडेला सरकलेलं आहे. काटेही तोंडाच्या पलीकडच्या अर्ध्या भागातच आहेत, अलीकडची कड साफ आहे. डेंटाटाला चहूबाजूंनी दात असतात. रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. आर्सेलाचं कवचही कोवळं असताना फिकट असतं आणि जुनं होता होता तपकिरी पडतं.

आता मोठ्या भिंगाखाली फोकस अगदी सावकाश फिरवा. आर्सेला आपलं कवच स्वतः स्रवलेल्या प्रथिनाचं बनवते, त्यावर बारीक, एकसारखी जाळी दिसते. सेंट्रोपिक्सिस वाळूचे कण, डायटमची (सूक्ष्म शैवालांची) कवचं असं बाहेरचं सामानही चिकटवून घेते. तुमच्या कवचाच्या मागच्या बाजूला असे ओबडधोबड, चमकणारे कण मला दिसताहेत.

खात्री करायची तर कवच कुशीवर वळवा. कव्हरस्लिपच्या (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेच्या) कडेला सुईच्या टोकाने हलकेच टिचकी दिली की ते लोळतं. आर्सेला बाजूने उपड्या वाटीसारखी दिसते; सेंट्रोपिक्सिस तोंडाकडे चपटी आणि मागे फुगीर असते. ही एक गोष्ट केल्याशिवाय मी स्वतः कुठल्याच नमुन्याला नाव देत नाही.

दुसऱ्या नमुन्याला सात काटे आहेत म्हणून ती वेगळी जात, असं धरू नका. प्राणिशास्त्रज्ञ जेनिंग्ज यांनी १९१६ मध्ये डिफ्लुजिया कोरोना या अशाच कवचधारी अमिबावरचं काम प्रसिद्ध केलं. एकाच अमिबाच्या विभाजनातून झालेल्या वंशातही काट्यांची संख्या बदलते, हे त्यांनी दाखवलं होतं.

जिवंत सापडली तर पाय, म्हणजे तोंडातून बाहेर येणारे छद्मपाद, बघा. बोटांसारखे जाड, बोथट असतील तर आपण योग्य वाटेवर आहोत. दोऱ्यासारखे बारीक असतील तर युग्लिफा, ट्रायनेमा या दुसऱ्या कवचधारी अमिबांकडे वळावं लागेल.

आपल्याकडे उन्हाळ्यात हा मॉस कडकडीत वाळतो, तरी रिकामी कवचं त्यात टिकतात आणि ओळखायला तीही पुरतात. थोडा मॉस कागदी पुडीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. बाजूने काढलेला एक फोटो मापपट्टीसह टाका, मग जातीचं नाव पक्कं करू.