तो वाईट होता, तरी झोप का लागत नाही?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांतली पाच पत्रं बाजूला काढून ठेवली होती. पाचही पत्रांतला गेलेला माणूस लोकांना छळणारा होता, आणि पत्र लिहिणाऱ्याच्या मनाला त्याच्या मरणाची टोचणी लागलेली आहे. हे दुःख कुठे बोलता येत नाही. शेजारी म्हणतात, "सुटलीस बाई!" त्यावर काय बोलणार? म्हणून आज फक्त हीच पत्रं घेते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : लग्नाला 22 वर्षं झाली होती. हे रोज पिऊन यायचे, मारायचे. मागच्या श्रावणात एका रात्री ओट्यावर धाडकन पडले. उठून पाहिलं तर घोरत होते. अंगावर चादर टाकली, आतून कडी लावली आणि झोपले. पहाटे बघते तर अंग गार. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झाला. दहाव्याला कावळा शिवेना. नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "दादाचा जीव हिच्यात अडकलाय, हिनं दार लावलं." कुणाला सांगितलं नाही, पण त्या रात्री मला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली होती. मीच मारलं का यांना?

उत्तर : ताई, नाही.

पिऊन पडलेला माणूस आणि मेंदूत रक्त साचत चाललेला माणूस वरून सारखेच दिसतात. दोघंही घोरतात, हलवलं तर कण्हतात आणि पुन्हा निपचित पडतात. तोंडाला दारूचा वास असला की डॉक्टरांचीही फसगत होऊ शकते, म्हणून तर अशा पेशंटचं सीटी स्कॅन करतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू आक्रसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. यकृत बिघडलेलं असलं तर रक्तही लवकर गोठत नाही. मग साध्या पडण्यानंही आत रक्तस्राव होऊ शकतो. हे तुम्हाला त्या रात्री ओट्यावर, चिमणीच्या दिव्याएवढ्या उजेडात कळायला हवं होतं, असं कोण म्हणेल? ते असे किती वेळा पडले असतील आणि किती वेळा सकाळी उठून चहा मागितला असेल, ते तुम्हीच आठवून पाहा. त्या अनुभवावरून तुम्ही ठरवलंत की झोपलेत.

आता शेवट माहीत झाल्यामुळे ते घोरणं तुम्हाला वेगळं ऐकू येतंय. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं 1975 साली लोकांना इंग्रज-गुरखा युद्धाची हकीकत वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. ज्यांना सांगितला त्यांना तोच शेवट आधीपासून जास्त संभवत होता असं वाटलं. तुम्ही रोज रात्री स्वतःला हेच करताय. आज कळलेली गोष्ट त्या रात्रीच्या बाईच्या हातात देताय आणि विचारताय, "तुला तेव्हाच कळलं का नाही?"

पण मला वाटतं, तुमचं खरं ओझं त्या झोपेचं आहे. 22 वर्षं फाटकाच्या आवाजाकडे कान लावून निजणारं शरीर होतं ते. त्या रात्री मार मिळणार नाही एवढं त्याला कळलं आणि ते झोपलं. सुटका वाटणं हा गुन्हा नाही, आणि सुटका वाटली म्हणजे मरण हवं होतं असंही नाही. ज्या बाईला मरण हवं असतं, ती चादर टाकायला उठत नाही.

कावळ्याचंही बोलते, कारण ते शब्द चारचौघांत बोलले गेलेत. घाटावर एका सकाळी पाच-सहा घरांचे पिंड असले की कावळ्यांची पोटं भरलेली असतात, पावसात ते येतही नाहीत. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून विधी पुरा करायची रीत आहे. ही वेळ किती घरांवर येत असेल, ते या रीतीवरूनच समजा. नणंदेचा भाऊ गेलाय, ती दुःखात बोलली. पण तो निकाल नाही.

इतर वाचकांसाठी : पिऊन पडलेल्याच्या डोक्याला मार लागला असेल आणि तो हाक मारूनही नीट जागा होत नसेल, उलट्या होत असतील, झटका आला असेल किंवा डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत असेल, तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. उतरायची वाट पाहू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या सावकारानं व्याजात वडिलांची तीन एकर लिहून घेतली. वडील त्या धसक्यातून उठले नाहीत. दोन वर्षांपूर्वी दिवस मावळताना रस्त्याच्या कडेला त्याची मोटारसायकल आडवी दिसली. तो चारीत पडला होता, हात हलत होता. मी ओळखलं आणि गाडी पुढे घेतली. नंतर कुणीतरी त्याला नेलं, वाटेत गेला. जमिनीसाठी केलेला अर्ज मी मागे घेतला. आता ती जमीन नकोच वाटते.

उत्तर : दादा, पहिल्या पत्रातल्या ताईंना जे सांगितलं ते तुम्हाला सांगता येणार नाही. त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, तो हात तुम्ही पाहिलात. थांबायला हवं होतं. तुमच्या मनानं धरलेली ही गोष्ट खरी आहे, आणि "तो त्याच लायकीचा होता" असं म्हणून मी ती पुसणार नाही. पुसली तरी ती तुम्हाला पटणार नाही.

पण चूक जेवढी आहे तेवढीच धरा. तुम्ही त्याला पाडलं नाही. तुम्ही थांबला असता तर तो वाचला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. चूक एवढीच की एक फोन करता आला असता आणि रागानं तो करू दिला नाही. तिला खून म्हणू नका आणि शून्यही म्हणू नका.

पुष्कळ लोक पोलिसांच्या लचांडाला भिऊनही थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली आणि पुढे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 134-अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. पुढच्या वेळी थांबाल तेव्हा हे लक्षात असू द्या. जमलं तर प्रथमोपचाराचं प्रशिक्षणही घ्या.

हे एका विश्वासाच्या माणसाला तोंडानं सांगा. बायको, मित्र, कुणीही. सावकाराच्या घरी जाऊन मात्र सांगू नका. तुमचं मन हलकं होईल, पण त्याच्या मुलांच्या डोळ्यांसमोर तो हलणारा हात जन्मभर राहील.

आणि जमिनीचं. अर्ज मागे घेणं हे प्रायश्चित्त नव्हे. जमीन तुमच्या वडिलांची होती, ती कशी गेली हा प्रश्न त्या संध्याकाळच्या आधीचा आहे. सावकारीत बळकावलेली जमीन चौकशीअंती परत देण्याची तरतूद 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्यात आहे, अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे जातो. पुन्हा करता येईल का, ते तिथे जाऊन विचारा. कागदपत्रं आणि वकील सोबत न्या.

प्रश्न : नवरा मारायचा. घटस्फोट मागितला की म्हणायचा, "जीव देईन." चार वर्षं मी त्या भीतीनं थांबले. शेवटी माहेरी आले, नंबर ब्लॉक केला. त्याआधी आलेला त्याचा तसा मेसेज त्याच्या भावाला पाठवला होता. दोन महिन्यांनी त्यानं खरंच तसं केलं.

उत्तर : बाळा, तू मेसेज पुढे पाठवलास, हीच करण्यासारखी गोष्ट होती. अशी धमकी खोटी समजू नये, दर वेळी गंभीरपणे घ्यावी. पण जिला मारहाणीतून पळावं लागलं, तिनंच परत जाऊन पहारा द्यावा असा त्याचा अर्थ नाही. घरच्यांना कळवावं, जीव धोक्यात असेल तर 112 ला फोन करावा. आत्महत्येला एक कारण कधीच नसतं. त्याच्या व्यसनाचं, नैराश्याचं, कर्जाचं तू पत्रात लिहिलंयस, ते सगळं तुझ्या ब्लॉक करण्याच्या आधीचं आहे. तो कधी कधी प्रेमळही असायचा हेही लिहिलंयस. त्या माणसासाठी रड, त्यात काही चुकत नाही. आणि रात्री स्वतःबद्दल वेडेवाकडे विचार आले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे. लहान मुलीवर अत्याचार केल्याचा आरोपी आमच्या वॉर्डात होता. सगळं नियमानं केलं, पण मनात म्हणत होते, हा मरावा. तो गेला.

उत्तर : सिस्टर, तुम्ही पत्रात लिहिलेला केस पेपर आठवा. दर तासाचं बीपी लिहिलेलं आहे, इंजेक्शनं वेळेवर आहेत, रात्री दोनला डॉक्टरांना कॉल दिल्याची नोंद तुमच्याच अक्षरात आहे. मनात तसं येत असतानाही तुमचे हात चुकले नाहीत. मला तुमच्याबद्दल आदर वाटतो.

प्रश्न : वडिलांनी आईला आयुष्यभर छळलं. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो नाही. आता भाऊ म्हणतो, वर्षश्राद्धाला तू बस. बसू का?

उत्तर : रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला कचरत होता. अधर्मी माणसाचे संस्कार मी का करू, असं त्याला वाटलं. तेव्हा राम त्याला म्हणाला, "मरणान्तानि वैराणि", वैर मरणापर्यंतच. रावण चांगला होता असं काही राम म्हणाला नाही.

बसायचं असेल तर आईला आधी विचारा, तिला चालणार आहे का. तिचं मन नसेल तर भावाला स्पष्ट सांगा आणि त्या दिवशी आईजवळ थांबा.