लेकीच्या ब्रिटनवारीसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मुलगी बीडीएस आहे, कोथरूडच्या एका दवाखान्यात महिना 28 हजारांवर काम करते. ब्रिटनमध्ये डेंटिस्ट मिळत नाहीत, तिथे एक वर्षाचं मास्टर्स केलं की प्रॅक्टिस करता येते, असं एजंट म्हणतो. एकूण खर्च 32 लाख. मी खासगी कंपनीतून निवृत्त झालो, पेन्शन किरकोळ आहे. 40 लाखांची एफडी मोडू, की शैक्षणिक कर्ज काढू?

उत्तर: काका, आत्ता दोन्ही नको.

डेंटिस्ट मिळत नाहीत हे खरंच आहे. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दरात दात दाखवायला तिथे लोकांना नंबर मिळत नाही. पण 2006 पासूनच्या एनएचएस कराराचे पैसे परवडत नाहीत म्हणून तिथलेच डेंटिस्ट खासगीकडे वळलेत, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणून बाहेरच्यांना दार सताड उघडं आहे असं मात्र नाही. आपल्या बीडीएसला तिथे थेट मान्यता नाही आणि मास्टर्सने ती मिळत नाही. डेंटिस्टांचं रजिस्ट्रेशन करणाऱ्या जनरल डेंटल कौन्सिलची ओआरई ही दोन भागांची परीक्षा, किंवा तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची एलडीएस ही परीक्षा, पास व्हावीच लागते. ओआरईच्या जागा मोजक्या, बुकिंग उघडलं की भराभर संपतात. दुसऱ्या, प्रात्यक्षिकाच्या भागाची फीच चार हजार पौंडांच्या वर आहे. पास झाल्यावरही एनएचएसचं काम करायचं तर बाहेरून आलेल्यांना सुरुवातीला देखरेखीखाली काम करावं लागतं. एजंटने यातलं काही सांगितलं का? त्याचं कमिशन प्रवेशावर असतं, तिच्या रजिस्ट्रेशनवर नाही.

आता आकडे. 7 टक्के धरले तर 40 लाखांवर तुम्हाला महिना 23 हजारांच्या आसपास व्याज येतं. 32 लाख काढले की उरलेल्या आठ लाखांवर पावणेपाच हजारसुद्धा येत नाहीत. त्यात काकूंचं औषधपाणी, सोसायटीचा मेंटेनन्स बसवा पाहू. कर्ज काढलं तर 11 टक्क्यांनी नुसतं व्याजच महिना 29 हजार, म्हणजे लेकीच्या पगाराहून जास्त. दहा वर्षांचा हप्ता 44 हजारांच्या घरात. एवढ्या रकमेला बँक बहुधा राहता फ्लॅटच तारण मागेल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात कलम 80ई ची सूट मिळेल म्हणून कुणी भुलवलं असेल, तर लेकीच्या आजच्या पगारावर मुळात करच लागत नाही.

तिचं पुणं सोडायचं मन मला कळतं. इथे गल्लीगल्लीत दवाखाने, एमडीएसशिवाय पगार वाढत नाही, आणि एमडीएसची खासगी कॉलेजची फी हा वेगळाच डोंगर. तेव्हा जायला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. नोकरी न सोडता तिने इंग्रजीची परीक्षा द्यावी, कागदपत्रं आणि रुग्णांवर केलेल्या कामाच्या तासांचे दाखले जमवावेत (अर्जाला ते लागतात, आणि जुन्या कॉलेजातून मिळवायला वेळ जातो), मग ओआरईचा पहिला भाग देऊन परत यावं. मास्टर्सचा विषय तोवर बंद.

यासाठी पाच लाखांची एक एफडी वेगळी करा, तीही मुदत संपेल तेव्हा. आधी मोडून दंड भरू नका. पहिला भाग निघाला की दुसऱ्याच्या फीसाठी पुढची एफडी वापरा. मधल्या काळात एजंट सीट ब्लॉक करायला पैसे मागेल. त्याला सांगा, मास्टर्स झाल्यावर रजिस्ट्रेशन मिळतं हे लेटरहेडवर लिहून आणा.