मुस्लिम समाजात मान कोणाचा मोठा, आलिमाचा की योद्ध्याचा?

तुम्ही विचारलंय की मुस्लिम समाजात धर्मपंडिताला, म्हणजे आलिमाला, जास्त मान मिळायचा की योद्ध्याला, आणि 'पंडिताची शाई हुतात्म्याच्या रक्तापेक्षा पवित्र' हे वचन प्रत्यक्षात पाळलं जायचं का.

आधी वचनाबद्दल. ते पैगंबरांच्या नावावर सर्रास सांगितलं जातं, पण हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, जाणकारांनी ते अस्सल मानलेलं नाही. कुराणात ज्ञानी माणसाचीही थोरवी आहे आणि जिवावर उदार होऊन लढणाऱ्याचीही. त्यामुळे ग्रंथ उघडून या प्रश्नाचा निकाल लागत नाही, त्या त्या समाजाचा इतिहासच बघावा लागतो. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत सगळ्यांना एकच उत्तर लावणं मला पटत नाही. मी ज्याचं वाचन मनापासून केलंय त्या उस्मानी (ऑटोमन) तुर्कांपुरतं सांगतो.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस, सुलतान दुसऱ्या बायेझिदच्या काळात, केमालपाशाझादे नावाचा एक तरुण फौजेत होता. घराणं सरदारांचं. एकदा वजीर इब्राहिम पाशाच्या बैठकीत तो उभा होता. वजिराच्या जवळ बसला होता एव्हरेनोस घराण्यातला अहमद बे. बाल्कनच्या सरहद्दीवर पिढ्यानपिढ्या तलवार गाजवलेलं हे घराणं, त्याच्या वर बसायची कोणाची छाती नव्हती. तेवढ्यात साध्या, मळकट कपड्यातला एक माणूस आत आला आणि सरळ अहमद बेच्या वरच्या जागेवर जाऊन बसला. कोणी हूं की चूं केलं नाही. तरुणानं शेजारच्याला विचारलं, हा कोण? उत्तर आलं, फिलिबे शहरातल्या मदरशाचे मुदर्रिस (शिक्षक), मोल्ला लुत्फी. पगार? दिवसाला ३० आक्चे, म्हणजे चांदीची छोटी नाणी. एवढ्याशा पगाराचा माणूस या सरदाराच्या वर कसा? शेजारी म्हणाला, आलिमांचा मान इल्मामुळे (ज्ञानामुळे) असतो, ते खाली बसले तर ना वजिराला चालेल, ना सरदाराला. तरुणानं मनाशी हिशेब केला की लढून मी अहमद बे काही होणार नाही, पण शिकून या माणसासारखा होऊ शकतो. त्यानं फौज सोडली, मोल्ला लुत्फींचाच शागीर्द झाला आणि पुढे १५२६ ते १५३४ साम्राज्याचा शेख-उल-इस्लाम, म्हणजे सर्वोच्च धर्माधिकारी, होता. हकीकत लिहून ठेवणारे स्वतः आलिम होते हे खरं, तरीही दरबारी मानपानाचं हे चित्र मला विश्वासार्ह वाटतं.

कारण या मानामागे व्यवहार होता. वजीर आणि मोठे सेनापती पुष्कळदा सुलतानाचे 'कुल' असत, म्हणजे ख्रिस्ती घरांतून लहानपणी उचलून आणलेले, सर्वस्वी त्याच्या मालकीचे. मर्जी फिरली की मुंडकंही जायचं आणि संपत्तीही जप्त. सुलेमानचा लाडका वजीर, वर सांगितलेल्याहून वेगळा इब्राहिम पाशा, १५३६ मध्ये असाच गेला. आलिम मात्र जन्मानं स्वतंत्र मुसलमान. त्याला बडतर्फ करत, दूर कुठेतरी पाठवत, पण जिवाला हात लावायला सुलतानही कचरायचा. शिवाय मोठ्या निर्णयावर आलिमाच्या फतव्याचा शिक्का लागे. किझिलबाशांवरची, म्हणजे इराणच्या सफवी शहाला मानणाऱ्या शियापंथीयांवरची, तलवार धर्मसंमत ठरवणाऱ्यांत हाच केमालपाशाझादे होता. शाई आणि रक्त ही दोन टोकं नव्हती, शाईनं रक्ताला परवानगी दिली.

मला सर्वांत जास्त चटका लावतो तो मोल्ला लुत्फींचा शेवट. हजरत अली नमाजात इतके बुडालेले असत की तेव्हा अंगातला बाण उपटला तरी त्यांना कळलं नाही, ही गोष्ट शिकवताना ते म्हणाले, नमाज ती, आपली तर नुसती वाकण्याउठण्याची कसरत. विरोधकांनी तेवढंच धरलं, म्हणाले हा नमाजाला कसरत म्हणतो. धर्मद्रोहाचा आरोप ठेवून १४९५ मध्ये इस्तंबूलच्या भर मैदानात त्यांचं डोकं उडवलं. ज्या माणसाला नामांकित सरदारानं वरची जागा दिली, त्याला संपवण्यात पुढाकार बरोबरीच्या आलिमांचा होता.

आता लोकांच्या मनातलं. तिथे पारडं योद्ध्याकडे झुकतं. सय्यद बत्ताल या गाझीच्या (धर्मयोद्ध्याच्या) शौर्यकथा अनातोलियात गावोगाव सांगत, एस्किशेहिरजवळचं त्याच्या दर्ग्याचं गाव आजही सेयितगाझी म्हणूनच ओळखलं जातं. उलट लाच खाणारा काझी आणि पोटार्थी मुल्ला विनोदात सापडतात. आपल्याकडे पोरासोरांना माहीत असलेला नसरुद्दीन हा तिथला होजा, म्हणजे मुल्लाच, आणि लोक त्याच्यावर जीव लावतात ते त्याच्या पांडित्यामुळे नव्हे. मदरशातल्या विद्वानाबद्दल दबदबा होता, माया मात्र गाझीच्या आणि दर्ग्यातल्या पिराच्या वाट्याला आली. सुलतानाच्या खास पायदळातले जानिसारसुद्धा मन वाहायचे ते बेक्ताशी या सूफी पंथाच्या दर्वेशांना.

दबदबाही पुढे ओसरला, आणि याचा दोष मी आलिमांनाच देतो. मोठी पदं ठरावीक घराण्यांत फिरू लागली, तान्ह्या मुलांना मुदर्रिसी मिळू लागली, त्यांना 'पाळण्यातले उलेमा' (आलिम) म्हणत. शेख-उल-इस्लाम फैजुल्ला एफेंदीनं आपल्या पोरांना वरच्या जागांवर बसवलं. १७०३ मध्ये फौज बंड करून उठली, सुलतानाला पायउतार व्हावं लागलं, फैजुल्लाला मारून त्याचं प्रेत रस्त्यातून फरफटवलं गेलं. त्या गर्दीत मदरशांचे विद्यार्थीही सामील होते. मुदर्रिसांच्या पोरांना वाट मोकळी आणि गरिबाच्या पोराला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं, तर तो दुसरं काय करणार?

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की आलिमाचा मान कोणाच्या पैशावर उभा होता ते आधी पाहा. उस्मानी आलिमाची नेमणूक आणि बढती दरबाराच्या हातात, तेव्हा दरबार बिघडला की तोही बिघडला. उलट इराणच्या शिया मुज्तहिदांकडे, म्हणजे वरच्या दर्जाच्या आलिमांकडे, खुम्स हा धार्मिक कर थेट श्रद्धाळूंकडून यायचा, शहाच्या तिजोरीवर ते फारसे अवलंबून नव्हते. १८९० मध्ये शहानं तंबाखूचा सगळा मक्ता एका इंग्रजाला दिला. पुढल्या वर्षाच्या अखेरीस इराकातल्या समर्राहून मिर्झा शिराझी या थोर मुज्तहिदाच्या नावानं फतवा आला की तंबाखू ओढणं निषिद्ध. बाजार बंद पडले, लोकांनी हुक्के बाजूला सारले, खुद्द शहाच्या जनानखान्यातही हुक्का भरेनासा झाला. जानेवारी १८९२ मध्ये शहाला तो मक्ता रद्द करावा लागला.