डार्ट्समध्ये आता एकटा ल्यूक लिटलरच उरलाय का? बाकीचे कमी पडतायत की खेळाचा दर्जाच खाली आलाय?

तुमचं म्हणणं असं की सलग दोन वर्षं वर्ल्ड चॅम्पियनशिप लिटलरने घेतली, २०२६ची फायनल तर ७-१ अशी एकतर्फी झाली, म्हणजे समोर कोणी दमदार उरलेलंच नाही. मला हे अजिबात पटत नाही. डार्ट्समध्ये आज जेवढी चुरस आहे तेवढी आधी कधीच नव्हती. एवढ्या गर्दीतही हा एक मुलगा पुढे निघून जातो, म्हणून तो मोठा.

आधी खेळ थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. प्रत्येकजण ५०१वर सुरू करतो, एका पाळीला तीन डार्ट टाकतो, आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये (दुप्पट गुणांच्या पट्टीत) किंवा मधल्या बुलमध्ये मारून बरोबर शून्यावर यायचं. बोर्ड ७ फूट ९¼ इंचांवर. ट्रेबल (तिप्पट गुणांची पट्टी) आणि डबलच्या पट्ट्या जेमतेम ८ मिलिमीटर रुंदीच्या. २०च्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५ असल्यामुळे ट्रेबल २० थोडा जरी हुकला तरी मोठा भुर्दंड बसतो. ५०१वरून शून्यापर्यंतचा एक डाव म्हणजे लेग, आणि तीन लेग आधी जिंकले की सेट. कमीत कमी नऊ डार्टमध्ये लेग संपतो, त्याला नाइन-डार्टर म्हणतात. तीन डार्टची सरासरी शंभरच्या वर असेल तर तो उत्तम खेळ समजायचा.

आता दर्जाकडे येऊ. १९९४ साली आजच्या पीडीसीची (व्यावसायिक डार्ट्स चालवणाऱ्या संस्थेची) पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप पर्फ्लीटच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये झाली, तेव्हा त्यात २४ खेळाडू होते. डेनिस प्रिस्टलीने फायनलमध्ये फिल टेलरला हरवलं. डिसेंबर २०२५मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये सुरू झालेल्या स्पर्धेत १२८ खेळाडू उतरले. ही नुसती संख्या फुगलेली नाही. पहिल्या फेरीत ९५ची सरासरी काढून घरी गेलेले खेळाडू आता दरवर्षी दिसतात. टेलर १६ वेळा विश्वविजेता झाला, त्याच्या मोठेपणाबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण त्याच्या सुरुवातीच्या काळात खरं आव्हान उपांत्यपूर्व फेरीपासून सुरू व्हायचं. आज पहिल्याच दिवशी समोर उभा राहणारा अनोळखी माणूस तुम्हाला घरी पाठवू शकतो. पीटर राइट दोनदा विश्वविजेता झालेला, २०२६च्या स्पर्धेत त्याला जर्मनीच्या आर्नो मेर्कने ३-०ने बाहेर काढलं.

हा दर्जा वाढला कसा, हे टीव्हीवर दिसत नाही. पीडीसीची टूर कार्डं, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धा खेळायचे परवाने, १२८ खेळाडूंकडे असतात. कार्ड मिळवायचं तर जानेवारीत क्यू-स्कूल नावाची पात्रता फेरी द्यायची, ब्रिटनमध्ये मिल्टन कीन्सला किंवा जर्मनीत काल्करला. कार्ड दोन वर्षांचं. मुदत संपताना पहिल्या ६४मध्ये नसाल तर ते जातं आणि पुन्हा क्यू-स्कूलच्या रांगेत उभं राहावं लागतं. मधल्या काळात लेस्टर, विगन, हिल्डेसहाइम अशा ठिकाणी प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या स्पर्धा होतात. तिथे ना प्रेक्षक, ना आरडाओरडा. एका हॉलमध्ये ओळीने बोर्ड लावलेले, आणि एका दिवसात सात सामने जिंकलात तर किताब तुमचा. बहुतेक सामने पहिले सहा लेग जिंकण्याचे, म्हणजे सुरुवातीला दोन लेग ढिले गेले की सामना हातातून सुटला. अशा स्पर्धा वर्षभरात तीसच्या वर होतात. डार्ट्सचा खरा आखाडा हाच आहे असं मला मनापासून वाटतं. ज्यांना खेळ समजून घ्यायचाय त्यांनी रोषणाईतल्या सामन्यांसोबत यांचे निकालही बघावेत.

दुसरं कारण म्हणजे मुलांसाठी उभी राहिलेली व्यवस्था. लिटलर सेंट हेलेन्सच्या डार्ट्स अकादमीत घडला. पीडीसीच्या वर्ल्ड यूथ चॅम्पियनशिपचे विजेते बघा: २०१९ ल्यूक हम्फ्रीज, २०२२ जॉश रॉक, २०२३ लिटलर, २०२४ आणि २०२५ गियान व्हॅन व्हीन. आज मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या फेऱ्यांत हीच नावं दिसतात. २०२३च्या यूथ फायनलमध्ये लिटलरसमोर व्हॅन व्हीनच होता, आणि २०२६च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलमध्येही तोच.

आता लिटलर. जन्म २१ जानेवारी २००७, वॉरिंग्टनचा. १६ वर्षांचा असताना पहिल्याच वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तो फायनलला पोचला. ३ जानेवारी २०२४ची ती रात्र. हम्फ्रीजविरुद्ध तो सेटमध्ये ४-२ पुढे होता आणि ५-२ करण्यासाठी डबल २वर एक डार्ट होता. तो हुकला. तिथून हम्फ्रीजने पाच सेट ओळीने घेतले आणि ७-४ने विश्वविजेता झाला. इतक्या लहान वयात असा घाव बसल्यावर खचलेले खेळाडू कमी नाहीत. हा मुलगा बरोब्बर एका वर्षाने परत आला, मायकेल व्हॅन गर्वेनवर ४-० अशी आघाडी घेऊन ७-३ने जिंकला आणि १७व्या वर्षी सर्वांत तरुण विश्वविजेता झाला. त्याच स्पर्धेत रायन मीकलविरुद्धचा शेवटचा सेट त्याने १४०.९१च्या सरासरीने खेळला. तीन लेग, ३२ डार्ट. त्या सेटमध्ये मीकलला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

२०२५ हे त्याचं वर्ष होतं. यूके ओपन, ब्लॅकपूलची वर्ल्ड मॅचप्ले, वर्ल्ड ग्रां प्री, ग्रँड स्लॅम, सगळं घेतलं. मॅचप्ले सेटऐवजी लेगवर चालते, तिच्या फायनलमध्ये जेम्स वेडने ५-० अशी सुरुवात केली होती. लिटलरने ती फायनल १८-१३ने जिंकली. ग्रँड स्लॅमची फायनल गाठताच नोव्हेंबरमध्ये तो १८व्या वर्षी जगात पहिल्या क्रमांकावर आला, आणि ती जागा त्याने हम्फ्रीजकडून घेतली. जानेवारी २०२६मध्ये व्हॅन व्हीनने फायनलचा पहिला सेट काढला, मग लिटलरने सात सेट ओळीने घेतले. वर्ल्ड चॅम्पियनशिप टिकवून दाखवणारा २०१६च्या गॅरी अँडरसननंतरचा तो पहिलाच.

पण तो इतरांपेक्षा नेमकं काय वेगळं करतो? ट्रेबल २०वर ठोकत राहणारे पन्नास जण मिळतील. लिटलरचं वेगळेपण दोन गोष्टींत दिसतं. पहिली, पहिला डार्ट असा बसला की पुढच्याची वाट अडते, तर तो तिथेच हट्टाने मारत बसत नाही. क्षणात ट्रेबल १९ किंवा १८कडे वळतो, हाताची लय न मोडता. बहुतेकांना असं वळताना एक श्वास थांबावं लागतं, आणि त्या श्वासातच डार्ट भरकटतो. दुसरी, शेवटाचा हिशेब. बाकीचे ठरलेल्या वाटेने जातात, हा समोरचा माणूस कुठे उभा आहे ते बघून वाट बदलतो. प्रतिस्पर्धी १७०च्या वर, म्हणजे तीन डार्टमध्ये लेग संपवू न शकणारा, असला की निवांत मांडणी करतो, आणि खाली आलेला असला की बिनदिक्कत बुलवर जातो. बुद्धिबळ बघणाऱ्यांना यातली मजा लगेच कळेल. डार्ट्स हा नुसत्या हाताचा खेळ आहे असं म्हणणाऱ्यांनी त्याचे चेकआउट, म्हणजे लेग संपवणाऱ्या पाळ्या, जरूर बघावेत.

तरीही त्याला हरवणारे आहेत. हम्फ्रीजला लोक फार लवकर बाजूला काढतात याचं मला वाईट वाटतं. न्यूबरीचा हा माणूस पूर्वी छपरांची कामं करायचा, मैदानावर येणाऱ्या भीतीच्या झटक्यांबद्दल तो उघडपणे बोलला आहे. २०२३च्या शेवटी ग्रां प्री, ग्रँड स्लॅम आणि प्लेयर्स चॅम्पियनशिप फायनल्स घेऊन तो वर्ल्ड चॅम्पियनशिपला आला आणि तीही जिंकला. प्रीमियर लीगची २०२४ची फायनल लिटलरने ११-७ने घेतली, त्यातच नाइन-डार्टर मारला. पुढच्या वर्षी त्याच फायनलमध्ये हम्फ्रीजने त्याला ११-८ने हरवलं. हम्फ्रीजचा हात यंत्रासारखा एकसारखा चालतो, चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि लांबलचक सामन्यांत त्याच्याइतकं शांत राहणं फार थोड्यांना जमतं.

व्हॅन व्हीनकडे तर लक्ष ठेवाच. नेदरलँड्सचा, २००२चा जन्म. डार्टायटिस म्हणजे ऐन वेळी हातातून डार्टच सुटत नाही, या विकारातून तो बाहेर आलाय. हा विकार जडलेले कित्येक चांगले खेळाडू खेळ सोडून गेले, म्हणून त्याचं परत उभं राहणं मला कुठल्याही किताबाइतकं मोठं वाटतं. ऑक्टोबर २०२५मध्ये डॉर्टमुंडला युरोपियन चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये त्याने हम्फ्रीजला ११-१० असं शेवटच्या लेगला हरवलं. अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये त्याने तोवर एकही सामना जिंकला नव्हता. आणि मग एकाच स्पर्धेत हम्फ्रीज ५-१, अँडरसन ६-३ असे गारद करून थेट फायनल. त्या फायनलनंतर तो क्रमवारीत तिसरा झाला, डच खेळाडूंत पहिला.

व्हॅन गर्वेन तीन वेळचा विश्वविजेता, पण आता त्याचा दबदबा पूर्वीसारखा नाही. चांगल्या दिवशी अजूनही तो कुणालाही धुऊन काढतो, मात्र असे दिवस लागोपाठ येत नाहीत. गॅरी अँडरसन ५५व्या वर्षी २०२६च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलला गेला, वाटेत त्याने व्हॅन गर्वेनलाच हरवलं. त्याच्या हातातून डार्ट इतका सहज निघतो की फक्त ते बघायला मी सामना लावतो. जॉश रॉकने डॅरिल गर्नीसोबत २०२५चा वर्ल्ड कप उत्तर आयर्लंडला मिळवून दिला. स्टीफन बंटिंग, जॉनी क्लेटन, गर्विन प्राइस, डॅनी नॉपर्ट, रायन सर्ल यांच्यापैकी कुणी एखाद्या आठवड्यात लिटलरला हरवलं तर मला नवल वाटणार नाही.

आणि बो ग्रीव्ह्ज. ऑक्टोबर २०२५मध्ये वर्ल्ड यूथच्या सेमीफायनलमध्ये तिने लिटलरला ६-५ने हरवलं, दोघांचीही सरासरी शंभरच्या वर. लिटलर त्या दिवशी वाईट खेळला असं कुणी म्हणू शकणार नाही. फायनल ती व्हॅन व्हीनकडून ६-५नेच हरली. २०२६पासून तिच्याकडे टूर कार्ड आहे, म्हणजे वर सांगितलेल्या त्या आखाड्यात ती पुरुषांसोबत वर्षभर खेळणार. २०१९च्या डिसेंबरमध्ये फॅलन शेरॉकने वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पुरुषांविरुद्ध दोन सामने जिंकून दार उघडलं होतं. ग्रीव्ह्ज आत येऊन ठाण मांडेल असा माझा अंदाज आहे.

एका बाबतीत मात्र तुमची शंका रास्त आहे. क्रमवारीतली दरी खेळातल्या दरीपेक्षा मोठी दिसते. पीडीसीची क्रमवारी दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते. २०२६च्या स्पर्धेपासून विश्वविजेत्याला १० लाख पौंड मिळतात, आधी ५ लाख मिळायचे. उपविजेत्याला ४ लाख. म्हणजे एका रात्रीत ६ लाखांचा फरक, आणि ती रक्कम दोन वर्षं खात्यावर राहते. लिटलरने पुढचे सहा महिने काही जिंकलं नाही तरी त्याचं पहिलं स्थान फारसं हलणार नाही. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५ हजार पौंड मिळतात, आणि क्रमवारीत ७०व्या-८०व्या जागेवरचा खेळाडू स्वतःच्या खर्चाने हॉटेलं आणि प्रवास करत वर्षभर हिंडतो. पैसा वाढला याचा आनंद आहे, पण तो वरच्या टोकाला फार साचतोय. माझ्या मते यातले दोन-तीन लाख खालच्या फेऱ्यांत वाटले असते तर खेळाचं जास्त भलं झालं असतं.

प्रेक्षकांबद्दलही बोलायलाच हवं. गाणी, वेशभूषा, जल्लोष हे सगळं छान आहे. पण खेळाडू डबलवर नेम धरत असताना शिट्ट्या मारणं मला सहन होत नाही. २०२३च्या स्पर्धेत गर्विन प्राइस कान झाकणारे हेडफोन घालून खेळायला आला होता, इतका तो वैतागला होता. २०२६च्या स्पर्धेत रॉब क्रॉसविरुद्ध खेळताना लिटलरचीही हुर्यो उडवली गेली. २०२७ची स्पर्धा अलेक्झांड्रा पॅलेसच्याच मोठ्या ग्रेट हॉलमध्ये जाणार आहे, तिथे पाच हजारांच्या वर माणसं बसतील. गोंगाट वाढणार हे नक्की.

आपल्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. भारताचा नितीन कुमार वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आधी काही वेळा खेळला होता आणि दर वेळी पहिल्याच फेरीत हरला होता. डिसेंबर २०२५मध्ये त्याने नेदरलँड्सच्या रिचर्ड व्हीन्स्ट्राला ३-२ने हरवलं. या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. पुढच्या फेरीत बंटिंगने त्याला थांबवलं. व्हीन्स्ट्रा हा वर्षभर टूरवर खेळणारा मुरलेला खेळाडू आहे, आणि नितीनला तशा स्पर्धांचा सराव मिळत नाही. आपल्याकडच्या क्रीडा पानांवर या विजयाला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी दिसली नाही.

नव्याने बघायला सुरुवात करणार असाल तर २०२४ची हम्फ्रीज-लिटलर फायनल सातव्या सेटपासून बघा, मग २०२५च्या मॅचप्लेमधली लिटलर-रॉक सेमीफायनल. त्यात लिटलरचा नाइन-डार्टर आहे, आणि तरीही रॉक १४ लेग घेऊन जातो. ती बघितल्यावर बाकीचे कमी पडतायत असं तुम्हाला वाटणार नाही.