तिघांना एका फोटोत आणताना

प्रश्न : माझ्या आजी-आजोबांचा एकत्र असा एकही फोटो नाही. दोघेही आता नाहीत. आजोबांचा ओळखपत्रासाठी काढलेला छोटा कृष्णधवल फोटो आहे, आजी एका घोळक्यात उभी आहे आणि काकांचा मोबाइलवरचा रंगीत फोटो आहे. तिघांचा जुन्या स्टुडिओत काढल्यासारखा एक फोटो करायचाय. संगणकावर जोडून तपकिरी छटा दिली, पण कात्रणं चिकटवल्यासारखं दिसतं. कुठे चुकतंय?

उत्तर : छटा देण्याच्या आधीच चुकलंय. तिघांच्या नाकाच्या सावल्या बघा. एकाची डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे पडत असेल, तर वरून कितीही रंग चढवा, ते एका खोलीत बसल्यासारखे दिसणार नाहीत.

अशा वेळी चेहरा आरशासारखा उलटा करायचा मोह होतो. मीही केलाय. आई आणि मावशीचा फोटो जोडताना आईचा चेहरा उलटवला, उजेड सुरेख जुळला. मावशीने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही ताई नाही गं." आईच्या हनुवटीजवळचा तीळ दुसऱ्या बाजूला गेला होता. मी ते काम पुसून पहिल्यापासून केलं. आजोबांचा चेहरा कृपा करून उलटवू नका.

तुमच्याकडे काका आहेत, ही मोठीच सोय आहे. आजोबांचा फोटो पाया धरा आणि काकांचा फोटो नव्याने काढा. आजोबांवर उजेड ज्या बाजूने आहे, त्याच बाजूची खिडकी घ्या. दोन-अडीच मीटर लांब उभे राहा आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरा. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे जातात. जुन्या स्टुडिओतल्या फोटोत असा चेहरा कधी दिसत नाही आणि ही गोष्ट नंतर दुरुस्तही होत नाही.

ओळखपत्राचा फोटो साडेतीन सेंटिमीटर उंच असेल तर १२०० डीपीआयने (म्हणजे इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करा, साधारण १६५० पिक्सेल मिळतील. कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांचं बनतं, त्यातल्या प्रत्येकाला चॅनल म्हणतात. पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात, म्हणून तिथे लाल चॅनल वापरा. काकांच्या रंगीत फोटोला मात्र उलट न्याय. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळपास दिसतच नसे, म्हणून त्या फोटोंत ओठ काळसर आणि आकाश पांढरंफटक येतं. काकांच्या फोटोचा निळा चॅनल घेतलात की तोच स्वभाव उतरतो. त्वचा थोडी खरखरीत होईल, तेव्हा हिरवा चॅनल थोडा मिसळा.

आता जोडणी. तिघांपैकी सर्वांत मऊ, धूसर फोटो कोणता ते ठरवा, बहुधा आजींचाच असेल. बाकीचे दोघे त्याच्यापर्यंत खाली आणा, त्याला धारदार करत बसू नका. तिघांच्या केसांतला काळा आणि कपड्यांतला पांढरा कर्व्हने (उजेड-अंधार कमीजास्त करायच्या साधनाने) सारखा करा. मास्कची (चेहऱ्याभोवतीचा नको तो भाग झाकणाऱ्या आवरणाची) कड एक-दोन पिक्सेल विरघळू द्या. ग्रेन, म्हणजे जुन्या फोटोतला बारीक दाणा, मात्र सगळे लेयर (एकावर एक ठेवलेले चित्रांचे थर) एकत्र केल्यावर, एकदाच आणि संपूर्ण चित्रावर द्या. प्रत्येकाचा ग्रेन वेगळा राहिला की डोळ्याला सांधा लगेच कळतो.

रंग सर्वांत शेवटी. सरसकट तपकिरी पाणी ओतू नका. जुन्या अल्ब्युमेन छापात (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या फोटोत) सावल्या जांभळट तपकिरी असतात आणि पांढरे भाग सायीसारखे पिवळसर, म्हणून दोन्हींना वेगळी छटा द्या. तयार ओरखड्यांचे थर मला मुळीच आवडत नाहीत. आजींच्या चेहऱ्यावर खोटी चीर कशाला?

हे काम संगणकाने आणलेलं नाही. छायाचित्रकार ऑस्कर रेयलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र छापलं होतं. कॅनडातल्या माँट्रियलचे छायाचित्रकार विल्यम नॉटमन तर माणसांचे स्टुडिओत वेगवेगळे फोटो काढत, ते कापून रंगवलेल्या पडद्यावर चिकटवत आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घेत. १८७० चा त्यांचा स्केटिंगच्या जत्रेचा फोटो असाच झाला. ती शेवटची युक्ती तुम्हीही वापरा: जोडलेलं चित्र मॅट कागदावर छापा, खिडकीच्या सौम्य उजेडात त्याचा पुन्हा फोटो काढा. उरलेसुरले सांधे त्यात बरेच मिटतात.

अंतिम छापाच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, हा तीन फोटोंतून जोडलाय, कोणाचा फोटो कुठला आणि जोडला कोणत्या वर्षी. पेनची शाई पुढे उमटते. उद्या घरातलं कुणी तो हातात घेईल, तेव्हा त्याला हे तिघे खरंच एकत्र बसले होते असं वाटायला नको.